काही तक्रार आहे का?

नरकचतुर्दशीला पहाटे उठावे, अंगाला तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान उरकावे, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडावे आणि त्याचा कडू रस जिभेला लावावा, हा रिवाज अनेक घरांतून अजून टिकून आहे. कारीट म्हणजे नरकासुर, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या कथेचा उत्तरार्ध आपण सहसा आठवत नाही. नरकासुराने सोळा हजार स्त्रिया कोंडून ठेवल्या होत्या. असुर मेला, दारे उघडली. पण त्या बाहेर पडून जाणार कोठे? कोंडवाड्यातून आलेल्या बाईला कोण घरात घेणार, तिचे म्हणणे कोण ऐकणार? श्रीकृष्णाने त्यांना आपले नाव दिले आणि जगात उभे केले, असे कथा सांगते. म्हणजे असुराचा वध हे निम्मेच काम होते. उरलेले निम्मे अधिक कंटाळवाणे, आणि तेथे सुदर्शनचक्राचा काही उपयोग नाही. तेथे अर्ज लिहावे लागतात, तारखांना उभे राहावे लागते, आणि मुख्य म्हणजे समोरच्या माणसाला विचारावे लागते की, बाबा रे, तुझ्यावर काय गुदरले?

आजच्या लेखाचा विषय हे उरलेले निम्मे काम हाच आहे. सणाच्या अंकात कोठडी आणि मारहाण यांचा विषय काढल्याबद्दल गृहिणींनी रागावू नये. वर्णने मी करणार नाही. मला इतिहास सांगावयाचा आहे तो एका प्रश्नाचा.

मी पेशाने वकील. घर टेंभुर्णीस. पुण्याहून सोलापूरला निघाले की इंदापूर मागे पडते, भीमेचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात आमचे गाव येते. येथून एक वाट पंढरपूरला फुटते, एक कुर्डुवाडीकडे, एक करमाळ्याकडे. त्यामुळे गावाला नेहमी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ. उजनी धरण झाल्यापासून ऊस वाढला, उसाबरोबर हंगामी माणसे आली. रस्त्याच्या कडेला पाले पडतात आणि उठतात. अशा नाक्याच्या गावी चोरी झाली, की संशयाची पहिली नजर कोणत्या पालाकडे वळते, हे सांगावयास नको. मोफत कायदेविषयक साहाय्याच्या यादीवर माझे नाव अनेक वर्षे होते. म्हणून त्या पालांतली माणसे माझ्या ओसरीवर येत राहिली.

अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. तो समोर आला, की दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आरोपी बहुधा मान हलवतो किंवा "नाही साहेब" म्हणतो, आणि कागदावर "तक्रार नाही" अशी नोंद होते. सारा प्रकार अर्ध्या मिनिटात आटोपतो. नवख्याला वाटते, हा एक उपचार आहे, जशी पत्राच्या शेवटी "कळावे" लिहिण्याची रीत. पण हा प्रश्न कोणी तरी मागून घेतलेला आहे. तो कायद्याच्या तोंडी यावयास फार काळ लागला, आणि त्याचे खरे उत्तर मिळावे म्हणून काय काय करावे लागते, हे शिकण्यास आणखी काळ लागला.

मागे वळून पाहिले तर पहिली आठवण घाशीरामाची येते. नाटकामुळे हे नाव सर्वांच्या ओठी झाले. पण माणूस इतिहासातला आहे. १७७७ पासून तो पुण्याचा कोतवाल होता. १७९१ च्या ऑगस्ट महिन्यात तैलंगी ब्राह्मणांची एक टोळी त्याच्या बागेत उतरली. चोर समजून त्यांना एका कोंदट जागेत रात्रभर कोंडले गेले. सकाळपर्यंत त्यांतील कितीतरी गुदमरून मेले. कुलूप तोडले ते मानाजी फाकडे या सरदाराने, आणि पेशव्यांच्या कानी बातमी घातली तीही त्यानेच. पुढे शहर खवळले आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारण्यात आले. या प्रकरणाचा शेवट ऐकून अनेकांना न्याय झाल्यासारखे वाटते. मला मात्र वाटत आले आहे, की त्या दिवशी कुलूप तोडणारा सरदार होता म्हणून गोष्ट बाहेर आली. एकच फाटका माणूस आत असता आणि बाहेर मानाजी नसता, तर? चौदा वर्षांच्या कोतवालीत त्या चावडीवर आणखी कोणाकोणाला मार पडला असेल, त्यांना कोणी विचारले? आणि ज्याने सूड घेतला त्या जमावानेही कोणाला काही विचारले नाहीच.

इंग्रजांचे राज्य आले, कागद वाढले. १८५४ मध्ये विलायतेच्या पार्लमेंटात ओरड झाली की मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी व कबुलीजबाबासाठी रयतेचे हाल केले जातात. चौकशी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १८५५ मध्ये आला. हाल होतात हे तिने मान्य केले. त्या अहवालात दाद मागण्यातील अडचणींचाही विचार आहे. अंगावरचे वळ घेऊन गरिबाने साहेबाच्या कचेरीपर्यंत कोसच्या कोस चालत जावयाचे, तेथे दिवसचे दिवस थांबावयाचे, आणि तोवर वळ मावळून जावयाचे! ही अडचण मद्रासेत होती तशी आपल्याकडेही होतीच.

त्यानंतर १८६० चा दंडसंग्रह आला. त्यातले ३३० वे कलम वाचनीय आहे. कबुलीसाठी इजा करणे हा गुन्हा, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबर इजा असेल तर पुढच्या कलमाने दहा. कायदा करणाऱ्यांनी कलमाखाली उदाहरणे दिली आहेत. पहिल्याच उदाहरणातला गुन्हेगार कोण असावा? पोलीस अधिकारी! तिसऱ्यातला सारावसुली करणारा अंमलदार. कायदा लिहिणाऱ्यांना आपल्याच नोकरांची पुरेपूर ओळख होती. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तर पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालणारच नाही, असे ठरवून टाकले. मात्र त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने एक खिडकी उघडी ठेवली: आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर तेवढे सांगणे पुराव्यात येते. म्हणून आजही खेड्यातला हवालदार "कबूल कर" यापेक्षा "माल कोठे पुरलास ते दाखव" यावर अधिक जोर देतो.

कायदा असा जागच्या जागी होता. पण तो ज्याच्यासाठी, त्याच्यापर्यंत जाण्याऐवजी दुसराच कायदा गेला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. प्रारंभी तो उत्तरेकडे होता. १९११ मध्ये सुधारून तो मुंबई इलाख्यालाही लागू करण्यात आला, आणि १९२४ मध्ये त्याची पुन्हा एकत्रित बांधणी झाली. माणसाने गुन्हा करण्याची आवश्यकता उरली नाही. विशिष्ट जमातीत जन्मणे पुरेसे झाले. हजेरी द्यावयाची, गाव सोडताना परवाना घ्यावयाचा, आणि सरकारने ठरविले तर तारेच्या कुंपणाआड वस्ती करून राहावयाचे. आमच्या जिल्ह्याचे ठिकाण सोलापूर, तेथे अशी मोठी वसाहत होती. गिरण्यांच्या भोंग्यावर कुंपणातली माणसे कामाला जात आणि हजेरीला परत येत. शहराच्या त्या भागाला "सेटलमेंट" हे नाव आजतागायत चिकटून राहिले आहे. पारधी, कैकाडी, भामटा, मांगगारुडी, कितीतरी जमाती त्या कागदावर होत्या. आता विचार करा: ज्याची रोजची हजेरी ज्या चौकीवर, त्याने त्या चौकीविरुद्ध तक्रार कोठे नोंदवावी?

मुंबई इलाख्यात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. म्हणून ही मंडळी स्वतःला "विमुक्त" म्हणवितात आणि तो दिवस पाळतात. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागे राहिले, आणि दफ्तरातून नाव गेले तरी अंमलदाराच्या मनातून ते गेले नाही.

त्याच १९४९ साली मुंबईत दुसरी एक गोष्ट घडली, जिचा या गोष्टीशी संबंध आहे हे त्या वेळी कोणाला दिसले नसावे. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. गरिबांना कोर्टात फुकट वकील कसा मिळेल, याचा विचार करण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती नटवरलाल हरिलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी तिने अहवाल दिला. राज्य, बृहन्मुंबई, जिल्हा आणि तालुका अशा चार पायऱ्यांवर साहाय्य समित्या असाव्यात, असे तिने सुचविले. तालुक्यापर्यंत वकील नेण्याची ही कल्पना काळाच्या पुढची होती, म्हणून ती बराच काळ कागदावरच राहिली. १९५० मध्ये राज्यघटना आली. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क तिच्या २२ व्या अनुच्छेदाने दिला. पण ज्याच्या घरी चूल पेटण्याची मारामार, त्याची पसंती वकिलाच्या बाबतीत काय कामाची? मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य म्हणून घटनेत लिहिले गेले ते १९७६ मध्ये, ३९-अ या अनुच्छेदाने. आणि १९७८ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट यांच्या प्रकरणात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची नक्कल व गरज पडल्यास सरकारी खर्चाने वकील देणे हे बंधनकारक ठरविले.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसरा एक निकाल दिला आणि त्याने महाराष्ट्र हळहळला. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला होता. नागपूरच्या खंडपीठाने दोघा शिपायांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडले, कारण मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा दिसल्या नाहीत! दुसऱ्या वर्षी चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उद्देशून खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि आमच्या पुण्याच्या वसुधा धागमवार. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती काय, असा त्या पत्राचा रोख होता. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचार हा वेगळा व अधिक गंभीर गुन्हा झाला, आणि संमती नव्हती असे बाईने सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरून चालावे, असे ठरले. धागमवार बाईंनी पुढे १९८५ मध्ये दिल्लीस "मार्ग" ही संस्था काढली. सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कायदा समजावून सांगणे हे तिचे काम.

या पत्राचा मुद्दा मला कायद्यापलीकडे नेऊन भिडला. गप्प राहणे हे उत्तर नसते. "तक्रार नाही" हेही कित्येकदा उत्तर नसते. ते गप्प राहण्याचेच दुसरे नाव असते.

आता त्या प्रश्नाच्या जन्माकडे येऊ. १९८२ च्या मे महिन्यात शीला बारसे या पत्रकार बाईंनी रीतसर परवानगी काढून मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी सांगितले की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बारसे बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. बस्स, एक पत्र! न्यायालयाने त्या पत्राचाच अर्ज मानला. आणि मग न्यायालयाने जे केले ते मला अतिशय शहाणपणाचे वाटते. त्याने पोलिसांचा खुलासा मागवून समाधान मानले नाही. मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. देसाई यांना त्याने सांगितले, की तुम्ही स्वतः तुरुंगात जा, या स्त्रियांशी बोला, आणि बोलताना दुसरे कोणीही जवळ असता कामा नये.

"दुसरे कोणीही जवळ नसताना." सासुरवाशिणीला माहेरच्यांनी विचारावे, "सुखात आहेस ना?" आणि सासूबाई शेजारीच जपमाळ ओढीत बसलेल्या असाव्यात, तेव्हा ती काय सांगणार? आपल्या घरातील प्रत्येक आईला हे कळते. न्यायालयाच्या लेखी ते यावयास १९८२ साल उजाडावे लागले.

निकाल १५ फेब्रुवारी १९८३ रोजी लागला. महाराष्ट्र सरकारला आदेश मिळाले ते असे. स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात व पहारा स्त्री शिपायांचा असावा. स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसांच्या समक्षच व्हावी. अटकेची कारणे व जामिनाचा हक्क तत्काळ सांगावा. त्यासाठी मराठी, हिंदी व इंग्रजीत पत्रक काढून ते प्रत्येक कोठडीत लावावे आणि वाचूनही दाखवावे. अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, म्हणजे ती वकील पाठवील. आरोपीच्या नातलगाला किंवा मित्राला वर्दी द्यावी. मुंबईत न्यायाधीशांनी, शक्य तर स्त्री न्यायाधीशांनी, कोठड्यांना अवचित भेटी द्याव्यात. आणि शेवटी, आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे आला म्हणजे त्यांनी त्याला विचारावे, की कोठडीत तुझा छळ झाल्याची काही तक्रार आहे का. आणि वैद्यकीय तपासणी मागण्याचा तुला हक्क आहे हेही सांगावे. तुरुंगांबद्दलही आदेश होते. वकिलाने ठराविक दिवशी जावे, तो कधी येणार याची सूचना लावलेली असावी, आणि कैद्याची व त्याची भेट अधिकाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात पण कानाच्या टप्प्याबाहेर व्हावी.

हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती म्हणजे प्रफुल्लचंद्र नटवरलाल भगवती. १९४९ च्या मुंबई समितीच्या अध्यक्षांचे चिरंजीव. वडिलांनी तालुक्याच्या समितीचा आराखडा काढला, आणि चौतीस वर्षांनी मुलाने त्या समितीला कोठडीचे दार दाखविले. त्याआधी बिहारमधील भागलपूरच्या प्रकरणात, पोलिसांनी ज्यांचे डोळे घालविले अशा कैद्यांसाठी कपिला हिंगोरानी या वकील बाई उभ्या राहिल्या होत्या. वकील देणे ते खटल्याच्या दिवशी नव्हे, दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा आणतात त्या दिवशी, हे त्या प्रकरणात याच न्यायमूर्तींनी सांगितले होते.

१९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतली माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. चार पायऱ्या तयार झाल्या. खालची पायरी तालुका विधी सेवा समिती. पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे प्रमुख दि. के. बसू यांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना कोठडीतल्या मृत्यूंबद्दल पत्र लिहिले होते. त्याचा निकाल डिसेंबर १९९६ मध्ये आला आणि अटकेचे अकरा नियम देशभर लागू झाले. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांकडून तपासणी, ही सारी त्या पत्राची फळे.

पाहा, १९७९ चे पत्र, १९८२ चे पत्र, १९८६ चे पत्र. लिहिणारे स्वतः कोठडीत नव्हते. ते बाहेर होते, त्यांना लिहिता येत होते, आणि गप्प राहिले असते तर त्यांचे काही बिघडणार नव्हते.

आता माझ्या ओसरीवरची एक हकीकत सांगतो. गाव आणि ठाणे सांगत नाही. सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. पारध्याच्या पालावरची एक म्हातारी आली. नातवाला चोरीच्या संशयावरून नेले होते, दुसऱ्या दिवशी कोर्टात आणणार होते. म्हातारी म्हणाली, "वकीलसायब, पोरगं न्हाई म्हनंल बगा. त्येला इचारलं तरी न्हाईच म्हनंल."

"का ग आजी?"

"आवं, सांजच्याला त्येच मानसांच्या हातात जायाचं हाय न्हवं?"

कायद्याच्या पुस्तकांत मला जे इतके नेमके कोठे सापडले नव्हते, ते म्हातारीने एका वाक्यात सांगितले. प्रश्न विचारला जातो खरा. पण तो विचारताना मारणारा दोन हातांवर उभा असतो, आणि उत्तर दिल्यावर आरोपी बहुधा पुन्हा त्याच्याच स्वाधीन होतो.

दुसऱ्या दिवशी मी दंडाधिकाऱ्यांकडे पाच मिनिटे खाजगी बोलण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. कोर्टाच्या आवारातील लिंबाखाली आम्ही बसलो. शिपाई दिसत होता, ऐकू येणार नाही इतका दूर. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सांगितलं अन् परत तिथंच न्हेलं तर?" मी त्याला क्रम समजावला. आधी मी पोलीस कोठडीला विरोध करतो आणि तुला तुरुंगात, म्हणजे न्यायालयीन कोठडीत, पाठविण्याची विनंती करतो. तेथे हे शिपाई नसतात. त्याबरोबरच सरकारी डॉक्टरकडून तपासणीचा अर्ज देतो. मग साहेब विचारतील. तेव्हा तू काय ते सांग. त्याने थोडा वेळ जमिनीकडे पाहिले आणि मग आपले तळपाय माझ्यापुढे केले.

साहेबांनी विचारले तेव्हा त्याने आवाज न चढविता सांगितले. नोंद झाली. डॉक्टरांचा दाखला आला. तो तुरुंगात गेला आणि काही दिवसांनी जामिनावर सुटला. चोरीच्या खटल्यात त्याच्याविरुद्ध काही निघाले नाही. मारहाणीच्या तक्रारीचे काय झाले, असे वाचक विचारतील. ती तारखांमागून तारखा चालली. साक्षीच्या वेळी पाल कोठे उसाच्या फडावर गेलेले असे, समन्स परत येई. अखेर तिचा निकाल मनासारखा लागला नाही. पण त्या पालावरून पुढे जी माणसे कोर्टात आली, त्यांतील दोघा-तिघांनी "तक्रार आहे" असे मला न विचारता सांगितले. म्हातारी मला भेटली की फक्त एवढेच म्हणे, "तुमी बाजूला न्हेऊन इचारलं."

कोणी म्हणेल, चोरांची बाजू घेता. ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे दुःख मला समजते. माझ्याच शेजारी तसे झाले आहे. पण माराच्या भीतीने कबूल करणारा पोरगा तुरुंगात गेला, तर खरा चोर मोकळा राहतो. आणि कोठडीत मेलेला माणूस काहीच सांगू शकत नाही. १९९८ मध्ये बंगालमध्ये बुधन शबर हा तरुण पोलिसांच्या मारहाणीने गेला. त्याच साली आमच्यापासून फार दूर नसलेल्या बारामतीत एक पारधी मजूर तसाच गेला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभारली. बुधनच्या प्रकरणी कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीला भरपाई देण्याचा आदेश दिला. तोही कोणी तरी अर्ज लिहिला म्हणून.

त्यानंतरही कामे झाली आहेत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या "प्रयास" या उपक्रमाने १९९० पासून समाजकार्यकर्त्यांना तुरुंगांत व ठाण्यांत नेले. वकिलाच्या आधी माणूस हवा, हे त्यांनी ओळखले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने आरोपींच्या बचावासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पगारी वकिलांची व्यवस्था सुरू केली. १ जुलै २०२४ पासून कायद्यांची नावे व कलमांचे आकडे बदलले. जुने ३३० व ३३१ आता न्याय संहितेच्या १२० व्या कलमात आहेत, गुन्हा तोच. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, परंतु त्याला पक्की मान्यता अद्याप दिलेली नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि राज्यसभेत अडकून पुढे बारगळले. असो. दिल्लीचे काम दिल्लीत होईल तेव्हा होईल.

आपल्या हातचे काम मात्र आजचे आहे, आणि ते घरातल्या कोणालाही करता येते. ओळखीच्या कोणाला अटक झाली, तर वेळ लिहून ठेवावी. कोणत्या ठाण्यात नेले ते विचारावे. अटकेच्या कागदाची नक्कल मागावी. अंगावर खुणा असतील तर डॉक्टरी तपासणीचा आग्रह पहिल्याच दिवशी धरावा, कारण वळ तारखेची वाट पाहत नाहीत. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीची कचेरी असते. तेथे साध्या कागदावरचा अर्ज चालतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक फुकट आहे. नऊ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन पुष्कळदा दिवाळीच्या मागेपुढे येतो. त्या सुमारास खेड्यांतून शिबिरे भरतात, तेथे जाऊन हा क्रमांक एकदा मुलांकडून पाठ करून घ्यावा. ज्याला त्याची खरी गरज असते तो आत असतो आणि त्याच्या हाती फोन नसतो. तो बाहेरच्यानेच लावावयाचा असतो.